उत्तरदात्यांचा जिल्हा

डिसेंबर २०२३. नागपुरात हिवाळी अधिवेशन चालू. विधान परिषदेत सारथी या सरकारी संस्थेच्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार बोलून गेले की पीएचडी करून ही पोरं काय दिवे लावणार आहेत? मग व्हायचं ते झालं. निषेध झाले, सोशल मीडियावर पदव्यांचे फोटो चढले, खुलासाही आला. उत्तर मात्र सगळ्यांनी रागाच्या भरात दिलं. प्रश्न कुजकट होता, पण म्हणून तो सोडून द्यावा असं नाही. बीड जिल्ह्यापुरतं आणि समाजकार्य या एका विषयापुरतं उत्तर देऊन बघतो.

आधी उमेदवार पाहू. त्याला आपण 'सर' म्हणू, कारण नोंदणीचं पत्र आलं त्या दिवसापासून गाव त्याला सरच म्हणतं. एमएसडब्ल्यू झालेला. पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, दिली, नेट दिली. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात खेटे घातले, गाईड मिळवला. हे 'मिळवला' एका शब्दात उरकलं, पण एका सहायक प्राध्यापकाकडे एका वेळी चारच विद्यार्थी घेता येतात, सहयोगीकडे सहा, प्राध्यापकाकडे आठ. त्यामुळे जागा रिकामी होण्याची वाट पाहत किती जण किती दारांत उभे असतात, ते त्यांनाच विचारा. मग आरआरसी, म्हणजे विषयाला मान्यता देणारी समिती. आणि मग तो विषय.

विषय ठरलेला. 'बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिला कामगारांच्या सामाजिक व आर्थिक समस्यांचा अभ्यास : विशेष संदर्भ धारूर तालुका.' हा मासला आहे, कुणा एकाचा प्रबंध नव्हे. कुणी अंगाला लावून घेऊ नये. धारूर झालं की वडवणी, वडवणी झालं की पाटोदा, शिरूर कासार, केज. जिल्ह्यात अकरा तालुके असल्याची ही सोय आहे. तालुके संपले की 'महिला'च्या जागी 'बालके' घालायचं आणि पुन्हा धारूरपासून सुरुवात.

गृहीतक काय? ऊसतोड कामगारांची आर्थिक स्थिती हलाखीची आहे. यूजीसीच्या २०२२च्या नियमाप्रमाणे पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा. एवढ्या काळात हे गृहीतक सिद्ध होतं. आजवर कधी फेटाळलं गेल्याचं ऐकिवात नाही.

आता प्रश्नावली. ती घेऊन सर गावात येतात तेव्हा निम्मं गाव गावात नसतं. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात, आणि सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पलीकडे कर्नाटकाच्या फडांतून परततात ते कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिल उजाडतो. तोवर वाड्यावस्त्यांवर म्हातारी माणसं आणि शेरडं. म्हणून मुलाखती मेमध्ये होतात, उन्हात, लग्नसराईत. बाई भांडी घासता घासता उत्तरं देते.

प्रश्न : आपण कर्ज कोठून घेतले? पर्याय : बँक, पतसंस्था, नातेवाईक, इतर.

"उचल हाय की मुकादमाची," ती म्हणते.

उचलीला पर्यायात जागा नाही. सर 'इतर'वर टिक करतात. अशा तीनशे प्रश्नावल्या भरल्या की त्यांचा तक्ता होतो. तक्त्यात 'इतर'चा आकडा सगळ्यात फुगलेला दिसतो आणि त्याखाली निष्कर्ष येतो की बहुसंख्य उत्तरदाते इतर मार्गांनी कर्ज उभारतात. ज्या एका व्यवहारावर अख्खा धंदा उभा आहे, तो आपण 'इतर'मध्ये कोंबून मोकळे.

तो व्यवहार साधा आहे. कारखाना मुकादमाला आगाऊ पैसे देतो, मुकादम जोडप्याला; तीच उचल. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई एकटी असेल, विधवा असेल, टाकलेली असेल, तर तिचा अर्धा कोयता. हंगामभर ऊस तोडून उचल फेडायची. नाही फिटली तर पुढच्या हंगामात त्याच मुकादमाकडे. एक दिवस कामावर आलं नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. ताप असो, बाळंतपण असो, पाळी असो, खाडा तो खाडा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, फटाके वाजले. वाढलेला दर हिशोबाच्या वहीत कधी आणि किती उतरला, हे कुणी तपासलं तर तो खरा प्रबंध. पण ती वही मुकादमाकडे असते आणि मुकादम आपल्या नमुना निवडीत बसत नाही.

आता यातली मजा. मजा कसली म्हणा. हे जे सर आहेत ना, ते बऱ्याचदा कोयत्याच्याच घरातले असतात. आई-बाप कारखान्याला गेल्यावर आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहून शिकलेले. सुट्टीत फडावर जाऊन मोळ्या बांधलेले, टायरगाडीवर ऊस भरलेले, वाढं विकून आलेल्या पैशात वह्या घेतलेले. उचल म्हणजे काय, हे त्यांना कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त माहीत असतं. त्यांनी पहिल्या प्रकरणात तसं लिहिलं की समासात लाल शाईने प्रश्न येतो, "संदर्भ?" मग ज्याने कोपीत, म्हणजे फडावरच्या खोपटात, रात्री काढल्या, तो कोपी न पाहिलेल्या लेखकाच्या पुस्तकातून कोपीचं वर्णन उचलतो आणि खाली तळटीप देतो. पान शास्त्रशुद्ध झालं. आईचं नाव फक्त ऋणनिर्देशात.

बरं, समाजकार्याचं शिक्षण मुळात असं नव्हतं. मुंबईत नागपाड्याला १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी समाजकार्याची शाळा काढली, देशातली पहिली. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. वस्तीत जाऊन काम करायचं आणि त्या कामातून शिकायचं, हे त्या शाळेच्या पायात होतं. तिचं तुळजापूरचं केंद्र बीडच्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे, १९८६ पासून. खुद्द बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला द्वारकादास लोहियांनी मानवलोक उभी केली, ती आधी काम म्हणून. या विषयाचा जन्मच चपला झिजवण्यातला आहे. त्याचं रूपांतर तीनशे टिकमार्कांत कसं झालं, यावर मात्र कुणी विषय नोंदवत नाही. गाईड मिळणार नाही.

काय निसटतं याचं उदाहरण द्यायला लांब जायला नको. एप्रिल २०१९ मध्ये 'बिझनेसलाइन' या इंग्रजी दैनिकात बातमी आली की बीडमधल्या गावांत बाईला गर्भाशय असणं हाच अपवाद होत चाललाय. कामगार बायकांमध्ये वावरणाऱ्या कार्यकर्त्या हे बोलत होत्याच. बातमीनंतर आरडाओरडा झाला, जूनमध्ये विधिमंडळात आरोग्यमंत्र्यांनी तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ गर्भाशयं काढल्याचा आकडा दिला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झाली ८२,३०९ ऊसतोड महिलांची. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. साधारण सहातली एक.

आता साखळी बघा. फडावर संडास नाही, पाणी नाही. पाळीत खाडा परवडत नाही. अंगावर काढून दुखणं वाढतं. खासगी दवाखान्यात नेलं की कॅन्सरची भीती घातली जाते आणि 'पिशवी काढून टाका' असा सल्ला मिळतो. ऑपरेशनला पैसे लागतात, ते मुकादम देतो. ते उचलीत चढतात. उचल फेडायला बाई टाके सुकायच्या आत पुन्हा फडावर. आरोग्य, कर्ज, मजुरी आणि दवाखान्याचा धंदा यांची ही एकच गाठ आहे. ती गाठ आपल्या प्रश्नावलीत चार वेगवेगळ्या विभागांत विभागलेली असते. विभाग क : आरोग्यविषयक माहिती. प्रश्न : आपणास आरोग्याच्या समस्या आहेत का? होय / नाही. बाई म्हणते होय. टिक.

प्रबंध आधीही होत होते, नंतरही झाले, आणि नंतरच्यांना तर नवा विषयच मिळाला. पण हा बोभाटा ग्रंथालयातून उठला नाही. कारण आपण नेहमी बाईला विचारतो. वय किती, जात कोणती, लेकरं किती, घर पत्र्याचं की स्लॅबचं, नवरा दारू पितो का. तिची इतकी कुंडली मांडून झाली आहे की आता सर दिसले की ती स्वतःच वय सांगून मोकळी होते. पिशव्या काढणाऱ्या डॉक्टरला कुणी प्रश्नावली देत नाही. कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याला देत नाही. संचालक मंडळाची मुलाखत 'वेळेअभावी' होत नाही. गरिबाचा अभ्यास करायला परवानगी लागत नाही. गरिबी ज्यांच्या हिशोबातून निघते त्यांच्याकडे जायचं तर वेळ घ्यावी लागते, आणि जिगर.

जिगरीचं पण समजून घ्या. महाराष्ट्रात ज्याच्याकडे साखर कारखाना, त्याच्याकडे बरेचदा शिक्षणसंस्था. तिथेच उद्या सरांना अर्ज करायचा असतो. आज संशोधनात ज्यांना कोपऱ्यात गाठायचं, उद्या मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे तेच. एवढं डोकं कुणालाही असतं. मग धारूर तालुका, महिला, समस्या, अभ्यास. निर्धोक.

आणि नोकरी तरी कुठे ठेवलीय? जुलै २०२३ मध्ये यूजीसीने सांगून टाकलं की सहायक प्राध्यापक व्हायला नेट-सेट पुरे, पीएचडी ऐच्छिक. म्हणजे ज्या शिडीसाठी पोरगं पाच वर्षं रांगेत उभं राहिलं, ती आता लागत नाही. ज्यांना नोकरी लागली तेही तासिका तत्त्वावर, सीएचबी, तास मोजून मानधन, आणि तेही महिनोन् महिने थकलेलं. आईचे खाड्याचे पैसे कापले जायचे, पोराचे सुट्टीचे. प्रगती म्हणतात ती ही.

अधिछात्रवृत्तीची तर काय सांगावी कथा. बार्टी या दुसऱ्या सरकारी संस्थेच्या २०२१च्या ८६१ संशोधकांना ती मिळावी म्हणून आझाद मैदानात बसावं लागलं होतं. समाजकार्याचा विद्यार्थी उपोषणाला बसला की त्याला क्षेत्रकार्याचे गुण द्यायला हवेत, एवढीच माझी सूचना. दिवे लावायचे तर तेल कोण देणार, हा साधा हिशोब त्या सभागृहात कुणी विचारला असता तर बरं झालं असतं.

तर उत्तर. बीडमध्ये समाजकार्यात पीएचडी करणाऱ्यांकडून दिवे लागू शकतात. या जिल्ह्याला त्यांच्यासारखी माणसं दुसरी मिळायची नाहीत. एकाच डोक्यात फडही आहे आणि संशोधन पद्धतीही. त्याला मुकादमाची वही वाचता येते, कारण लहानपणी बापाच्या उचलीचा हिशोब त्यानेच मांडलाय. त्या बायका त्याच्याशी खरं बोलतील, कारण तो अमक्याचा पोरगा आहे. एखाद्या टोळीबरोबर तो पूर्ण हंगाम राहिला, तीनशे टिकमार्कांऐवजी तीस वह्या उलगडल्या, पिशव्यांची ऑपरेशनं कुठल्या दवाखान्यात, कुठल्या महिन्यात, कुणाच्या पैशाने झाली एवढंच मांडलं, तर विधिमंडळाला समिती नेमायची वाट बघावी लागणार नाही. पण असा विषय आरआरसीपुढे ठेवला तर पहिला प्रश्न येईल, "नमुन्याचा आकार फारच कमी वाटतो नाही का?" दुसरा प्रश्न कुणी मोठ्याने विचारणार नाही.

तोवर शेवटचं प्रकरण. निष्कर्ष व शिफारशी. शासनाने ऊसतोड कामगारांसाठी योजना राबवाव्यात. स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घ्यावा. कामगारांनी व्यसनांपासून दूर राहावे. ही शेवटची शिफारस कधी चुकत नाही, ती वाचताना माझं डोकं फिरतं. रेक्झीनचं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. तोंडी परीक्षा, पाहुण्या परीक्षकांना शाल-श्रीफळ, नंतर जेवण. चौकात फ्लेक्स, त्यावर सरांचा गॉगल लावलेला फोटो आणि खाली शुभेच्छुकांची भली मोठी रांग. नीट पाहिलं तर त्या रांगेत मुकादमही असतो. गावचा पोरगा डॉक्टर झाला, त्यालाही आनंद आहेच.

प्रबंधाची पीडीएफ शोधगंगेवर चढते, एक प्रत ग्रंथालयात जाते. शासनाला केलेल्या शिफारशी शासनाकडे पाठवायची पद्धत नाही. माझं म्हणणं, एक प्रत त्या मुकादमाला द्यावी. या सगळ्या खटाटोपात ती वाचण्याची गरज असलेला तोच एक माणूस आहे. तो पानं चाळेल, तक्ते बघेल, आणि एवढंच विचारेल, "सर, ह्यात माझं नाव नाही ना आलं?"

नाही आलं. दवाखान्याचं नाही, कारखान्याचंही नाही. संशोधनाच्या नीतिनियमांनुसार सर्वांची ओळख गोपनीय ठेवली आहे.