मोर दहा हातांवर, दुर्बीण दहापट

तळेगाव ढमढेरेकडून मोराच्या चिंचोलीला निघालेल्या गाडीत हुरड्याइतकीच दुर्बिणीचीही चर्चा रंगते. खिशात मावणारी, १०×२५. 'दहापट दिसतं!' मोर मात्र दहा हातांवर बांधाशी दाणे टिपत असतो. दुर्बिणीतून त्याचा फार तर गळा आणि तुरा दिसतो, तोही डुलताना. डुलतो मोर नव्हे, आपला हात. थरथरही दहापट होते, पण हे खोक्यावर कोण छापणार?

पुढच्या भिंगाच्या २५ मिलिमीटरला १० नं भागा. डोळ्याशी येणारं उजेडाचं वर्तुळ अडीच मिलिमीटरचं. मोर निघतात पहाटे नि सांजेला, तेव्हा आपली बाहुली त्याहून मोठी झालेली असते. चित्र अंधूक, आणि डोळा जरा सरकला की काळोख. चष्मेवाल्यांचे हाल तर विचारूच नका. रबरी वाट्या दुमडूनही भिंगापासून पंधराएक मिलिमीटरवरून पूर्ण चित्र दिसत नसेल, तर कडा गुल. एवढ्या कसरतीनंतर 'कशी आहे?' विचारावं, तर उत्तर ठरलेलं: 'एकदम हलकी!' प्रश्न डोळ्यांना होता, उत्तर मनगटानं दिलं.

चिंचोलीला नुसते डोळे पुरतात. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा किंवा भिगवणला रोहित पाहायचे असतील, तर ८×३२ घ्या. खिशात मावत नसेल तर गळ्यात अडकवा. आणि दुकानदारानं कितीही आग्रह केला तरी चष्मा काढू नका. चष्म्यासकट पाच मिनिटं बघा, मगच पाकीट काढा.