तानीबाईंचं नाव कुठाय?

"नंदा, ऐकलीस का? आमच्या आक्काचा नातू मुंबईला मॉडेलांचे फोटो काढतो न्हवं, आता पिच्चर काढणार म्हणं!"

शालनमावशींची बातमी कंपाउंडच्या भिंतीवरून आधी येते, मागनं मावशी.

"हिरॉईन कोण?"

"हिरॉईन कुठली! ऊसतोड्यांवर काढणार हाय. मी म्हटलो, आत्ता गं बया! इतकी वर्षं लिपस्टिकवर उजेड पाडलास, आता फडात तुला काय दिसणार?"

"मावशी, दुसऱ्या गावात म्हणा हे. कोल्हापुरात शोभत नाही. बाबूराव पेंटर काय होते आधी?"

"ते मला सांगू नको. आमचे मामंजी थेटरचे बोर्ड रंगवायचे. बाबूरावांचं नाव निघालं की कानाला हात लावायचे."

मावशींनी पदर खोचला. म्हणजे आता भाजी करपली तरी चालेल.

बाबूरावांचं आडनाव मेस्त्री, घरात लोहारकाम-सुतारकाम. बंधू आनंदरावांबरोबर ते नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवायचे. सिनेमाचं वेड लागल्यावर दोघांनी कॅमेरा घरीच बनवायला घेतला! आनंदराव 1916 मध्ये गेले, कॅमेरा अर्धाच राहिला. बाबूरावांनी पुरा केला.

"आणि बाबूरावांच्या सिनेमा कंपनीला पैसा कुणी दिला, ठावं हाय? तानीबाई कागलकर! गाणाऱ्या बाई. पेठेतले शेठ कनवटीला हात लावून बसले आणि बाईनं दिले. खरी कॉर्नरला तो कॅमेऱ्याचा स्तंभ हाय बग, तिथनं जाताना किती जणांना तानीबाई आठवतात?"

खरं सांगायचं तर मलाही आठवत नाहीत. शेठजींच्या कनवटीचा तपशील मात्र मावशींच्या पदरचा असावा.

1920 साली 'सैरंध्री' आला. टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. या सिनेमात बायकांची कामं बायकांनीच केली, गुलाबबाई आणि अनुसूयाबाईंनी. पडद्यावर त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या; गावानं मात्र नाकं मुरडली. कपडेपट, सेट, पोस्टर सगळ्यावर बाबूरावांची नजर. आधी चित्र कागदावर उतरायचं, मग माणूस तसा सजायचा.

"म्हणजे आमच्या पोराच्याच धंद्यातले की!" मावशी म्हणाल्या.

"तेच म्हणते मी. आणि त्याच माणसानं 1925 मध्ये 'सावकारी पाश' काढला. ना. ह. आपट्यांची गोष्ट. खोट्या कागदावर सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणीच्या दारात जाऊन उभा राहतो. शेतकरी कोण? आपले व्ही. शांताराम, पोरसवदा."

"दागिने, मुकुट काय न्हाई?"

"काही नाही. अंधारात एक उदास झोपडी आणि बाहेर कुत्रं. सिनेमे काढणाऱ्या जे. बी. एच. वाडियांना ते दृश्य किती वर्षांनीही विसरता आलं नाही."

नटवण्यात ज्याचा हात बसलाय त्यालाच काय काढून टाकायचं ते कळतं, असं माझं मत. त्या झोपडीत बाबूराव चार रंगीत पडदे सहज टांगू शकले असते.

"चालला का पण?"

"धंदा नाही झाला. मागनं स्वारी पुन्हा देवादिकांकडं."

"बग! लोकांना मुकुटच पायजे."

"पण 1936 मध्ये तोच 'सावकारी पाश' त्यांनी बोलपटात पुन्हा काढला."

"एकदा हात पोळल्यावर परत?" मावशी गप्प झाल्या. हे फार क्वचित घडतं, म्हणून मी रेटलं.

"सावकारांच्या वह्या जाळायला दख्खनचे शेतकरी 1875 मध्ये उठले. चार वर्षांनी कायदा आला. पाश सुटला का? उसाचा मुकादम उचल देतो, ते काय वेगळं? नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी उचल घ्यायची, बीडकडनं इथवर यायचं, पाचटाच्या खोपीत राहायचं, आणि हंगाम सरला तरी अंगावरची बाकी फिटत नाही."

"खरं हाय गं. फॅक्टरीच्या वाटंवर बैलगाड्या बघतो की मी. मोळ्यांवर बाई बसलेली, मांडीत पोर. आपण गाडी म्होरं काढायला हॉर्न वाजवतो."

"तुमच्या नातवाला फ्रेम कळती. गौतम राजाध्यक्षही चेहऱ्यांचे फोटो काढता काढता सिनेमाच्या कथेपर्यंत गेलेच की, 'बेखुदी', 'अंजाम'."

"त्यात कुठं ऊस व्हता?"

"नव्हता. म्हणून तर हा पोरगा एक पाऊल पुढं."

"फ्रेमचं असूंदे, त्या बायांना काय मिळणार? फोटू काढून जाणारे लई आले."

हा प्रश्न मला सुचला नव्हता. पोरानं जमलेल्या पैशातनं त्यांच्या मुलांसाठी हंगामी शाळा चालवायचं ठरवलंय, असं मावशींनीच मग हळूच सांगितलं. म्हणजे सगळी चौकशी करूनच भिंतीपाशी आल्या होत्या.

"पैसे कमी पडतात म्हणतो. म्होरल्या म्हैन्याची भिशी माझी हाय. देऊ?"

"द्या की."

"देतो. पण पाटीवर माझं नाव पायजे. नटांच्या आधी. तानीबाईंसारखं माझं व्हायला नको."

"आणि पिच्चर पडला तर?"

"मग तुजं नाव घालायला सांगतो."