पराटीतले अंतराळवीर

फवारणीचा हंगाम आला की तालुक्याच्या गावी संरक्षण किट वाटपाचा सोहळा होतो. मंडप, बॅनर, हारतुरे. मग एका शेतकऱ्याला मंचावर उभं करून नखशिखांत सजवलं जातं. झगा, चष्मा, मास्क, रबरी हातमोजे. तो गृहस्थ यवतमाळचा कमी आणि चंद्रावर निघालेला जास्त दिसतो. फोटो निघतो, पाहुणे एसी गाडीत बसतात आणि अंतराळवीर मंडपाबाहेर येताच पहिलं काम करतो ते झगा उतरवण्याचं. सप्टेंबरचं ऊन, पावसाने दमटलेली हवा आणि पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा पंप. या वेषात पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन ओळींमधून एक फेरी मारून दाखवणाऱ्या अधिकाऱ्याला खरं तर खास भत्ता मिळायला हवा.

किटला हे वैभव आलं 2017 नंतर. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात पोचले. पराटी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती, म्हणून नोझल वर धरून मारावं लागे आणि मारलेलं तोंडावर उतरे. त्यात अळी दाद देईना म्हणून दोन-तीन औषधं एकाच टाकीत. बहुतेक विष कातडीतून शिरतं. गळक्या पंपाखाली भिजलेली पाठ दिवसभर ते पीत राहते. सरकारने मृतांच्या वारसांना दोन लाख दिले, चौकशी पथक नेमलं आणि पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली. बंदी आली नोव्हेंबरात. तोवर कापूस वेचणीला आला होता. अळीसुद्धा इतकी वेळ पाळत नाही.

दोष कुणाचा, यावर फार काथ्याकूट करावा लागला नाही. शेतकऱ्याने काळजी घेतली नाही! घडी उलगडता उलगडत नाही असं माहितीपत्रक डब्यासोबत दिलं होतं, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. डब्यावर रंगीत त्रिकोणही होता: लाल, पिवळा, निळा, हिरवा, उतरत्या विषाच्या क्रमाने. आता उक्त्याने फवारणी घेतलेल्या मजुराच्या हाती डबा न येता मालकाने कालवून ठेवलेली बादलीच येते, हा काही त्रिकोणाचा अपराध नव्हे.

गंमत अशी, की अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या कीटकनाशकविषयक आचारसंहितेत या किटचा निकाल आधीच लागलेला आहे. जे औषध हाताळायला अवघडवणारी, महाग किंवा सहज न मिळणारी साधनं लागतात, ते उष्ण प्रदेशातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या बाबतीत टाळावंच, असं ती सांगते. म्हणजे झगा सहन होत नसेल तर बाटली बदला. आपण बाटली तशीच ठेवली आणि झगे वाटले. बाटलीवर नफा असतो, झग्यावर फोटो.

मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाचंच बघा. 2005 मध्ये भाजीपाल्यावर त्याला मनाई झाली, कापसावर मुभा राहिली. वांगं वाचलं. पराटीत उभा असलेला माणूस भाजीत मोडत नसल्याने त्याचा विचार झाला नसावा. 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून हेच विष पोटात गेलं आणि 23 मुलं मेली. कीटकनाशकाच्या जुन्या डब्यातलं तेल, असं तपासात पुढे आलं. रिकाम्या डब्याला भोक पाडून तो निकामी करा, असं पत्रकात असतं. पण चांगल्या झाकणाचा डबा फेकून देण्याइतकी श्रीमंती ज्या घरात असते, त्या घरात सहसा कुणी फवारत नाही.

किटच्या फोटोत बाई कधी नसते. फवारणीसाठी पाणी वाहून आणणारी, भिजलेले कपडे संध्याकाळी धुणारी, बहुतेकदा लेकरांच्या कपड्यांसोबतच, ती. तिच्या मापाचे हातमोजे अजून निविदेत आलेले नाहीत.

बरं, उपाय माहीत नाहीत असंही नाही. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ नर पतंग सापडले तरच गुलाबी बोंडअळीसाठी फवारा, त्याआधी पाच टक्के निंबोळी अर्क, हे कृषी विद्यापीठं वर्षानुवर्षं सांगतात. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात पुनुकुला नावाच्या कापूसवाल्या गावाने या शतकाच्या सुरुवातीलाच रासायनिक फवारणी थांबवून दाखवली. केरळने 2011 मध्ये अतिविषारी औषधांची एक यादीच बंद केली. पण निंबोळ्या झाडाखाली फुकट पडतात, त्यांची उधारी लिहिता येत नाही. कृषी सहायकाकडे गावं अनेक, कृषी केंद्रवाला मात्र रोज दुकानात. अळी दाखवली की तो बाटली देतो, सोबत एक टॉनिक, आणि पैसे कापूस विकल्यावर. इतका तत्पर डॉक्टर तालुक्याच्या दवाखान्यात मिळत नाही.

2023 मध्ये केंद्राने अखेर मोनोक्रोटोफॉसच्या 36 टक्केवाल्या द्रावणाचीही सुट्टी केली. फक्त आधी तयार झालेला माल मुदतीपर्यंत विकायला परवानगी ठेवली. एवढं विष एकदम वाया घालवणं बरं दिसलं नसतं.