गटार, बादली आणि डावा पाय

मागे सरकणाऱ्या फलंदाजाचा पाय जागेवर आणण्यासाठी जगात जेवढी साधनं निघाली, त्यांतलं सर्वांत गुणकारी साधन आमच्या लहानपणी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या बोळात फुकट मिळायचं. लेग साइडचं उघडं गटार. बोळ इतका अरुंद, की ऑफला वाड्याची भिंत, लेगला गटार आणि मधल्या फरशीवर फलंदाज. टेनिस बॉल पाण्यात बुडवून कुणी जोरात टाकला आणि फलंदाजाचा पाय भीतीने मागे गेला, की तो घोट्यापर्यंत आत. नियमाप्रमाणे फलंदाज बाद. शिवाय पाय धुवायला घरी गेलेला गडी त्या दिवशी परत दिसायचा नाही, कारण आई सोडायची नाही. ह्या दुहेरी शिक्षेमुळे आमच्या बोळातल्या पोरांचा पुढचा पाय कायम गोलंदाजाकडे सरळ पडायचा. कव्हर ड्राइव्ह मात्र कुणालाच आला नाही. तिथे भिंत होती.

पुढे गटारं झाकली गेली आणि पेठेतल्या फलंदाजीचा दर्जा घसरला, असं माझं मत आहे. माझ्या वयाच्या सगळ्यांचं तेच मत आहे, पण ते आम्ही आपसातच मांडतो.

हा विषय इतक्या वर्षांनी उकरायला कारण झालं न्यू जर्सी. माझा भाचा तिकडे असतो आणि त्याचा अकरा वर्षांचा मुलगा बेसबॉल खेळतो. जुलैच्या सुरुवातीला सगळे सोलापूरला आले, तेव्हा सामानात एक लांबलचक काळी पिशवी होती. अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, वाटलं नातवाने तंबोरा आणला. तिने पिशवी देवघराजवळ ठेवून वर हळदीकुंकवाची दोन बोटंही लावली. उघडल्यावर आतून बॅट निघाली. बॅटसोबत रबराची एक चटई निघाली, तिच्यावर दोन पावलं रंगवलेली. फोमची एक लांबट पट्टी निघाली. चेंडू ठेवायची उभी काठी निघाली, तिला 'टी' म्हणतात. आणि सगळ्यात शेवटी इलॅस्टिकचा एक पट्टा, दोन्ही टोकांना घोट्याभोवती गुंडाळायच्या वाद्या असलेला.

"मामा, ह्याचा फ्रंट फूट बाहेर पडतो," भाचा डॉक्टरांचा रिपोर्ट सांगावा तशा आवाजात म्हणाला. "कोचने सांगितलंय, सुट्टीतही प्रॅक्टिस बंद ठेवायची नाही."

बेसबॉलमधलं पायाचं काम मी तेव्हा पहिल्यांदा समजून घेतलं. आपल्याकडे पाय पुढे टाकायचा की मागे, हे चेंडूच्या टप्प्यावर ठरतं. तिकडे टप्पाच नाही. चेंडू हवेतून थेट येतो. फलंदाज सहा फूट लांब आणि चार फूट रुंद चौकटीत उभा राहतो, पुढचा पाय किंचित उचलतो आणि थोडासाच पुढे, पिचरच्या, म्हणजे गोलंदाजाच्या, दिशेने ठेवतो. झालं पायाचं काम. मी म्हटलं, एवढ्याशा पावलासाठी विमानातून एवढं सामान? पण मोठ्यांच्या खेळात पिचर साठ फूट सहा इंचांवरून ताशी ९० मैलांच्या वेगाने फेकतो आणि तो चेंडू पोचायला जेमतेम ०.४ सेकंद लागतो. डोकं विचार करेपर्यंत पायाने स्वतःचा निर्णय घेऊन टाकलेला असतो, आणि पायाचं एकच धोरण असतं: आपण इथून निघावं. पाय बाहेर पडला, की कंबर वेळेआधी उघडते आणि पलीकडच्या कडेने जाणारा चेंडू बॅटच्या आवाक्यात उरत नाही. मुलांच्या लिटल लीगमध्ये अंतर ४६ फुटांचं असतं. चेंडू हळू, पण पायाचं धोरण तेच.

तर पट्टा घोट्यांना बांधला, की पाय ठरल्यापेक्षा लांब जात नाही. फोमची पट्टी टाचेमागे ठेवली, की मागे सरकणारा तिच्यावर पाय देऊन लडखडतो. चटईवरच्या पावलांवर पावलं ठेवली, की उभं कुठे राहायचं हा प्रश्न मिटतो. अंगणात हे सगळं मांडून पोराला मधे उभं केल्यावर अक्का भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून बाहेर आली.

"लेकराला दाव्याला बांधायलास व्हय रे?"

"आई, हे सायंटिफिक आहे."

"घाबरतंय ते. पायाला बांधून भीती जातीय होय?"

भाच्याने उत्तर दिलं नाही. शेजारचे अण्णा आले. त्यांनी उभी हयात गावाच्या पूर्व भागात मागावर काढलेली. त्यांनी पट्टा ताणून पाहिला, वीण पाहिली, वादीची शिवण नखाने उचकटून पाहिली आणि किंमत विचारली. किंमत ऐकल्यावर, तेवढ्या पैशात किती गुंडाळ्या इलॅस्टिक येईल आणि त्यातून किती पट्टे शिवता येतील, ह्याचा हिशोब त्यांनी तिथेच तोंडी मांडला. संध्याकाळी ते पुन्हा आले ते दर थोडा खाली आणता येईल हे सांगायला.

'टी'वरचा चेंडू मारायला समोर जाळी लागते. जाळी तेवढी विमानात मावली नव्हती. अक्काने जुनी सोलापुरी चादर काढून दोरीवर टाकली. सांगतो, त्या चादरीने जे चेंडू खाल्ले ते पाहून भाचा थक्क झाला. तिकडची जाळी एका मोसमात फाटते म्हणे. इथे चादरीवरच्या मोराची मान तेवढी थोडी सैल पडली.

ह्या मागे सरकण्याच्या रोगाला बेसबॉलवाले 'बादलीत पाय' म्हणतात. जुन्या काळी खेळाडूंच्या बाकाजवळ पिण्याच्या पाण्याची बादली असायची आणि घाबरलेला फलंदाज तिकडेच सरकायचा. ही माहिती मी उत्साहाने अक्काला दिली. पिण्याच्या पाण्यात पाय? ज्या गावात नळाला पाणी येण्याचा वार तोंडपाठ ठेवावा लागतो, तिथे ही गोष्ट कुणाला सांगू नये. पण गंमत पुढे आहे. बादलीत पाय टाकणाऱ्यांचा राजा अ‍ॅल सिमन्स. फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सचा हा फलंदाज पुढचा पाय उघड उघड थर्ड बेसकडे टाकायचा. लोकांनी त्याचं नावच 'बकेटफूट अ‍ॅल' पाडलं. आणि हा बादलीवाला १९३० आणि १९३१ अशी सलग दोन वर्षं अमेरिकन लीगच्या सरासरीत पहिला आला. पाय बाहेर जायचा, पण बाकीचं अंग आणि बॅट चेंडूवरच असायची. हे सांगताना मी आवाज खाली आणला होता. तरी पोराने ऐकलं, आणि 'मलाही अ‍ॅलसारखं खेळायचंय' म्हणून पट्टा सोडला. भाच्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर आमच्या घराण्यात फक्त जमिनीच्या वाटणीच्या वेळी वापरतात.

मग तोल सांभाळायला मी रणजींची गोष्ट काढली. रणजितसिंहजी केंब्रिजला शिकत होते, तेव्हा वेगवान चेंडू आला की त्यांचाही पाय मागे जायचा. त्यांना सराव देणाऱ्या डॅन हेवर्डने उपाय काढला: उजवा पाय जमिनीला बांधून टाकला. भाच्याचा पट्टा परवडला! आता पाय हलत नाही, चेंडू तर अंगावर येतोय. करायचं काय? रणजींनी मनगट फिरवलं आणि चेंडू मागच्या मागे, लेगला वळवला. लेग ग्लान्सचा जन्म झाला तो असा. १८९६ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर पहिल्याच कसोटीत त्यांनी ६२ आणि नाबाद १५४ केल्या, आणि इंग्रज बघत राहिले, की चेंडू जातो कुठून. म्हणजे साधन बनवलं पाय सरळ पडावा म्हणून आणि हाती लागला तो एक वाकडा, सुंदर फटका. दावं लावल्यावर गाय दूध देईल ह्याची हमी असते. फलंदाजाचं तसं नाही.

ह्या गोष्टीने भाचा खूश झाला, कारण तिच्यात पाय बांधलेला होता.

पण खरी गोष्ट आमच्या गावची आहे, आणि सोलापूरकर ती अर्धीच सांगतात. पॉली उम्रीगर आमचे. वडिलांचा कपड्याचा व्यवसाय, बालपण इथलं, शाळकरी वयात कुटुंब मुंबईला गेलं. गावाच्या लेखी मात्र ते गेलेलेच नाहीत. १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३, कसोटीत भारताचं पहिलं द्विशतक. ५९ कसोटी, ३६३१ धावा, १२ शतकं. हे पानटपरीवरचा पोरगाही सांगेल. १९५२चा इंग्लंड दौरा कुणी काढत नाही. त्या दौऱ्यात कौंटी संघांविरुद्ध उम्रीगर धावांचे ढीग घालत होते, दौऱ्यातल्या त्यांच्या धावा १६००च्या वर गेल्या. कसोटी सुरू झाली, समोर फ्रेड ट्रूमन नावाचा यॉर्कशरचा तरणा गडी धावत यायला लागला, आणि सहा फुटी पॉलींचा पाय स्क्वेअर लेगच्या पंचाकडे निघाला. सात डावांत मिळून ४३ धावा. ओल्ड ट्रॅफर्डला तर ट्रूमनने ३१ धावांत आठ जण बाद केले आणि आपला संघ एकाच दिवशी ५८ आणि ८२ मध्ये दोनदा गुंडाळला गेला. तेव्हाची एक गोष्ट सांगतात, की शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या टोनी लॉकने उम्रीगरांना विनंती केली: जरा बाजूला व्हाल का, तुम्ही मधे आल्यामुळे मला गोलंदाज दिसत नाही.

ही गोष्ट खरी असो की रचलेली, इतकी चांगली आहे, की खुद्द सोलापूरकरानेही हसून घ्यावी. मी कट्ट्यावर सांगितली तेव्हा एक जण उठून गेला.

पण पुढचं बघा. त्यानंतरच्याच हिवाळ्यात उम्रीगर वेस्ट इंडिजला गेले आणि पाच कसोटींत ५६० धावा करून आले. मधल्या काळात त्यांना कुणी अमेरिकेहून पट्टा पाठवला नव्हता. 'तिथे फिरकीच जास्त होती हो,' असं म्हणणारे असतात. त्यांच्यासाठी १९५९: तेच ओल्ड ट्रॅफर्ड, समोर तोच ट्रूमन, उम्रीगर ११८. त्यानेही समाधान झालं नाही तर १९६२चं पोर्ट ऑफ स्पेन घ्या. समोर वेस हॉल, म्हणजे ज्याचा नुसता रनअप बघून माणसाने विमा उतरवावा असा गोलंदाज. डोक्यावर हेल्मेट नाही, कारण ते अजून आलेलं नव्हतं. उम्रीगरांनी आधी पाच बळी घेतले, मग ५६ केल्या आणि फॉलोऑननंतर नाबाद १७२. पाय कुणीही बांधलेला नव्हता आणि तो कुठेही गेला नाही.

"मग त्यांनी फिक्स कसं केलं?" पोराने विचारलं. मी पुष्कळ गंभीर चेहरा केला. अक्का आतून म्हणाली, "वय वाढलं असेल. दुसरं काय?"

ह्या चर्चेत जपानही येऊन गेला. सदाहारू ओह नावाच्या बेसबॉल फलंदाजाला त्याच्या गुरूने, हिरोशी अराकावाने, पुढचा पाय वर उचलून एका पायावर उभं राहायला शिकवलं. तोल यावा म्हणून टांगलेला कागद खऱ्या तलवारीने कापायचा सराव दिला. त्या एका पायावर ओहने ८६८ होम रन मारले. पोराचे डोळे चमकलेले पाहून अक्काने त्या रात्री विळी माळ्यावर टाकली.

साधनांचं म्हणाल, तर आमच्याच जिल्ह्यातल्या मिरे गावच्या किरण नवगिरेने त्यांचा निकाल लावून टाकला आहे. मूळची गोळाफेक-भालाफेक करणारी. २०२२ मध्ये नागालँडकडून एका टी-ट्वेंटी डावात १६२ केल्या. २०२३च्या महिला प्रीमियर लीगला ती उतरली, तेव्हा बॅटला प्रायोजक नव्हता. तिने कोऱ्या बॅटवर पेनाने धोनीची आद्याक्षरं आणि सात आकडा लिहिला आणि त्या बॅटने अर्धशतक मारलं. खर्च: शाई.

पोराचं पुढे काय झालं ते सांगतो, थोडक्यात. बोळातल्या पोरांनी त्याला खेळायला बोलावलं. तो पट्टा बांधून गेला. "ए, सोड की बे ते, काय जनावर हाय का तू?" असं ऐकल्यावर सोडला. पहिले काही चेंडू पाय बाहेरच गेला. त्याच आठवड्यात शेगावच्या गजानन महाराजांची पालखी गावात आली. अक्का त्याला घेऊन गेली, वारकऱ्यांच्या पावलीत तोही घुसला आणि दोन पुढे, एक मागे करत घामाघूम होऊन घरी आला. दुसऱ्या दिवशी तो बॅट खांद्यावर घेऊन टाळाच्या ठेक्यात जागच्या जागी पावलं टाकत उभा राहिला. गोलंदाज हसून हसून चेंडू टाकेना. शेवटी टाकला, आखूड, आणि पोराने बेसबॉलच्या पद्धतीने तो आडवा घेतला. समोरच्या गच्चीवरच्या सोलरच्या दोन नळ्या गेल्या. त्या वेळी पाय कुठे होता, हे पाहायचं भान कुणालाच नव्हतं. नळ्यांचे पैसे भाच्याने दिले. डॉलरमध्ये हिशोब केला तर स्वस्त पडलं म्हणाला.

जाताना बॅगेचं वजन वाढलं. शेंगाचटणीची पाकिटं, कडक भाकरी आणि ती मोराची चादर. जाळीऐवजी तीच बांधणार म्हणे. त्या बदल्यात साधनं इथे राहिली. पट्टा अक्का गुडघ्याच्या व्यायामाला वापरते. 'टी'वर तुळशीची पणती बसते. पावलांची चटई तिने पायपुसणं म्हणून उंबऱ्याबाहेर टाकली आहे, आणि तेव्हापासून गॅसवाला, कुरिअरवाला, वर्गणी मागायला येणारे मंडळाचे कार्यकर्ते, सगळे बेल वाजवून त्या पावलांवर बरोब्बर पावलं ठेवून, गुडघे किंचित वाकवून दारात उभे असतात. वर्गणीची रक्कम ऐकून पाय मागे घ्यायची वेळ अक्कावरच येते.