स्टार्टर फिरतो, गाडी सुरू होत नाही
१९८० च्या दशकातली पोर्शे ९४४. स्टार्टर इमानाने घरघरतो, इंजिन काही पेटत नाही. मग जाणकार जमतात. कुणी म्हणतो प्लग बदला, कुणी पेट्रोल पंप, कुणी थेट गाडीच.

टॅकोमीटरकडे मात्र कुणीच बघत नाही. स्टार्टर फिरताना त्याचा काटा जरासुद्धा थरथरला नाही, तर पहिले संशयित दोन: फ्लायव्हीलजवळचा सेन्सर, नाहीतर डीएमई रिले. हा रिले म्हणजे काडेपेटीएवढी डबी. पण आतल्या सोल्डरला तडा गेला, की इंजिनाचा संगणक (हाच तो डीएमई) आणि पेट्रोल पंप दोघेही एकदमच संपावर!

जुने मालक म्हणूनच ग्लोव्ह बॉक्समध्ये जास्तीचा रिले ठेवतात. हातमोजे, अर्थात, हातात. लोकांना दिसायला नकोत का?