भाव उतरू द्या!

जालन्यात भाव विचारण्याला खरेदीची अट नसते. सळई घ्यायची नसली तरी सळईचा भाव माहीत पाहिजे, मोसंबीची बाग नसली तरी मोंढ्यात आज काय निघालं ते कळलं पाहिजे. कापूस तर लोक भाव येईपर्यंत पुढच्या खोलीत रचतात आणि स्वतः ओसरीवर झोपतात. अशा मुलखात वाढलेल्या माणसाच्या हाती कारचा विमा पडला की त्याचा मुहूर्तराव होतो.

प्रत्येक कॉलनीत एक मुहूर्तराव असतात. बहुधा सरकारी नोकरीतून निवृत्त. दारात एमएच-21 ची पांढरी छोटी कार, तिच्यावर कव्हर, उन्हाळ्यात त्या कव्हरवर कुरडया. पॉलिसी संपायला दोन महिने असतानाच त्यांची वही निघते. सगळ्या कंपन्यांचे दर तीत पेन्सिलीने लिहिलेले, कारण पेनाने लिहिलं की भाव पक्का होतो अशी त्यांची समजूत.

त्यांना विम्यातलं कळत नाही असं मात्र कुणी समजू नये. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं; 1000 ते 1500 सीसीच्या खाजगी कारला 2022 साली तो 3,416 रुपये ठरला, वर जीएसटी. त्यात एजंटच्या सासऱ्याची ओळख काढूनही रुपया सुटत नाही, हे ते स्वतःच तुम्हाला सांगतील. घासाघीस करायची ती गाडीच्या स्वतःच्या नुकसानीवर, म्हणजे ओडीवर. ते दर 2007 पासून खुले झाले, आणि ते वर्ष मुहूर्तराव स्वातंत्र्याच्या वर्षाइतक्याच आदराने उच्चारतात.

खरा रंग चढतो तो आयडीव्हीला. विम्यापुरती गाडीची किंमत जितकी कमी, तितका हप्ता कमी. त्यामुळे एजंटसमोर गाडी एकदम भंगारात जाते. "अहो, काय राहिलंय तिच्यात? स्टीलवालेसुद्धा वितळवायला घ्यायचे नाहीत." त्याच संध्याकाळी कुणी गाडी विकत मागायला आलं, तर तीच गाडी शोरूममधून काल निघालेली असते. मधल्या तीन तासांत दीड-दोन लाखांनी वधारलेलं असं वाहन साऱ्या मराठवाड्यात दुसरं नसेल. चोरीला गेली तर भरपाई मात्र त्या भंगाराच्या हिशेबानेच मिळेल, हे एजंट दबक्या आवाजात सांगून पाहतो. मुहूर्तराव म्हणतात, "आपल्या गल्लीत कोण चोरतंय?"

दुसरा जीव नो क्लेम बोनसमध्ये. सलग पाच वर्षं क्लेम केला नाही की ओडीच्या हप्त्यात 50 टक्के सूट. ही सूट ते मुदत ठेवीसारखी जपतात. ट्रॅक्टरने मागचा दिवा फोडला, क्लेम नाही. म्हशीने दार चेपलं, क्लेम नाही. आरशाला इन्सुलेशन टेप.

आता मुहूर्ताचं. लंडनच्या भाच्याने एकदा सांगितलं की तिकडे मुदतीच्या तीनेक आठवडे आधी घेतलेला विमा सगळ्यात स्वस्त पडतो. ऐनवेळी धावत येणारा माणूस बेफिकीर, म्हणून धोक्याचा, असा कंपन्यांचा हिशेब. मुहूर्तरावांनी तो निकाल जागेवरच फिरवला. "तिकडचे लोक घाबरट. इथं गिऱ्हाईक उठून चाललं की दुकानदार हाक मारतो." मार्चअखेर एजंटला टार्गेट असतं म्हणून पॉलिसीची तारीखच मार्चमध्ये सरकवता येईल का, हेही त्यांनी विचारून झालं आहे. ते जमलं नाही, कारण तारीख गणपतीतली. मग त्यांना पितृपक्ष सुचला. त्या पंधरवड्यात कुणी काही घेत नाही, म्हणजे मंदी; मंदी म्हणजे भाव पडणार. "संपू द्या पॉलिसी, बघा कसे मागं लागतात!"

पॉलिसी संपली. फोन खूप आले, भाव उतरला नाही. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढली तर पहिल्या खेपेला 2,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद. म्हणून संकष्टीला राजूरच्या गणपतीला उभयता एसटीने, तेही उभ्याने. काकूंनी तिकिटाचे पैसे वहीत लिहिले. पेनाने.

मुदत संपलेल्या गाडीला कंपनी तपासणीशिवाय घेत नाही. मोबाइल घेऊन पोरगा आला आणि ट्रॅक्टर, म्हैस, टेप यांचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून गेला. आधीचं नुकसान म्हणून नोंद झाली. आता त्यावर क्लेमची आशाही संपली. बोनस तेवढा वाचला, कारण तो मुदत संपल्यापासून 90 दिवस जिवंत राहतो. मुहूर्तरावांनी हा आपला विजय मानला. "अजून अडीच महिने थांबता आलं असतं," असं ते परवा हळहळत होते.

तुमच्या गाडीची तारीख जवळ आली असेल, तर त्यांच्याकडे जरूर जा. दर कसे वाचायचे, कोणतं जादा कव्हर फुकटचा खर्च, सगळं नीट समजावून देतील. लिहून घ्या. आणि ते चहाचं सांगायला आत गेले, की तिथंच बसल्या बसल्या मोबाइलवरून पैसे भरून टाका.