ससा मागे, कुत्रा पुढे

अहो वहिनी, कपडे वाळत घालणं होऊ द्या सावकाश, आधी कुंपणाजवळ या. आमच्या वरच्या मजल्यावरची पोट्टी आहे ना, तिची चित्रं दुकानात लागली! मोबाइलवर काढून झेरॉक्सवाल्याकडून छापलेली नाहीत हो, हातानं छापलेली. दुपारभर वरून खरडखरड ऐकू येते, तुम्ही म्हणत होत्या घुशी झाल्या, ती हीच. लिनोलियमचा तुकडा घेते, कोरणीनं कोरते, रोलरनं शाई फिरवते, वर कागद ठेवते आणि स्टीलच्या डावाच्या पाठीनं घासत बसते. मशीन नाही, काही नाही. डाव आमचाच. नेला तो नेलाच.

कोरायचं सगळं उलटं असतं म्हणे. सुरुवातीला हिनं 'चंद्रपूर' सरळ कोरलं, छापलं तर आरशातलं चंद्रपूर आलं. आणि उन्हाळ्यात तर कामच बंद, पाण्याची शाई आपल्या मे महिन्यात रोलरवरच सुकते. तेलाची घ्यावी तर पावसाळ्यात दिवसचे दिवस ओली राहते. बाई, कलेला सुद्धा आपली हवा मानवत नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. ही काढत काय होती, तर ड्रॅगन! पंखवाल्या पऱ्या, शिंगवाला घोडा. ताडोब्याला जाणारे पाहुणे दुकानात येऊन राहिले, पाहून राहिले आणि वाघाचा टी-शर्ट घेऊन जाऊन राहिले. का नाही जाणार? ड्रॅगन त्यांना त्यांच्या गावात मिळतोच की.

मग मीच म्हटलं तिला, अगं, तुझ्या गावाची सुरुवातच सशानं कुत्र्याचा पाठलाग करण्यानं झाली आणि तू चिनी ड्रॅगन काहून काढून राहिली? खांडक्या बल्लाळशहाची गोष्ट तिला माहीतच नव्हती! अंगभर गाठी आलेला राजा, बल्लारपूरहून शिकारीला निघाला, झरपटीच्या पात्रातल्या खळग्यातलं पाणी लागलं आणि बरा झाला. परतताना बघतो तर काय, कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा त्याच्या कुत्र्याच्या मागे लागलेला. कुत्रा पुढे, ससा मागे. राणी म्हणाली, जिथून जिथून हे धावले तिथून तट बांधा, शहर वसवा. आता ही दंतकथा, इतिहासवाले मान डोलावणार नाहीत. पण चित्राला याहून काय पाहिजे?

पोट्टीनं काढलं बरं का. मी स्वतः पाहिलं. लिनोवर जिथे कोरलं तिथे शाई लागत नाही, कागदाचा पांढरा तसाच राहतो. म्हणून सगळी रात्र काळी, तट काळा, कुत्रा काळ्यातून अर्धा बाहेर आलेला. आणि सशाच्या कपाळावरचा ठिपका म्हणजे कोरणीचा एकच टोचा. तो टोचा मारताना श्वास धरून बसली होती. चुकला असता तर सगळी पाटी वाया.

आता मालिकाच काढते म्हणते. जटपुरा, बिनबा, अंचलेश्वर, पठाणपुरा हे चार दरवाजे आणि पाच खिडक्या. नावं तरी ऐका: चोर खिडकी, मसाण खिडकी, बगड खिडकी, विठोबा खिडकी, हनुमान खिडकी. एखाद्या कादंबरीवाल्याला सुचली नसती. दरवाजावरचं गोंडराजांचं चिन्ह तर रोज स्कूटरवरून खालून जाताना आपण मान वर करून बघतही नाही. हत्तीवर चढलेला सिंह. आपल्या जंगलात वाघ उदंड, आणि दारावर सिंह! कोरणाऱ्यानं जन्मात सिंह पाहिला होता की नाही देव जाणे. लालपेठेत ती दहा तोंडांची दगडी मूर्ती आडवी पडली आहे, आपण रावण म्हणतो, जाणकार दुर्गा म्हणतात. आणि ताडोब्याच्या तळ्याकाठचा तारू, वाघाशी लढता लढता गेला आणि देव झाला. त्याच्याच नावावरून जंगलाचं नाव.

एक मात्र तिला बजावलं. ठिपके-रेघा भरून 'गोंड पेंटिंग' म्हणून विकू नको. ती परधानांची चीज, मध्य प्रदेशातल्या पाटणगडच्या जनगढसिंग श्याम यांनी भिंतीवरून कागदावर आणलेली. त्यांच्याच घराण्यातल्या भज्जू श्याम यांनी दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती यांच्यासोबत रात्रीच्या झाडांचं पुस्तक केलं. चेन्नईच्या तारा बुक्सनं 2006 मध्ये काळ्या हातकागदावर पानन् पान हातानं छापलं, प्रत्येक प्रतीवर क्रमांक. जगभर गेलं. भज्जूंना 2018 मध्ये पद्मश्री. ते बघून शीक, नक्कल करू नको.

क्रमांकाचं हिनं उचललं खरं. खाली पेन्सिलीनं 7/20 लिहिते, म्हणजे विसातलं सातवं. वीस झाले की पाटीवर आडवी चीर मारून टाकते. मला हळहळ वाटली, चांगली पाटी! पण एकविसावा काढला तर आधीच्या विसांना फसवल्यासारखं होतं, हे पटलं.

दुकानाचं विचाराल तर, माल ठेवून घेतात, विकेल तसे पैसे. चारशेच्या चित्रात शेकडा तीस दुकानाचे, म्हणजे एकशेवीस गेले, कागद-शाई साठेक. उरले दोनशेवीस आणि दुखरा खांदा. आधीच्या एका दुकानात, नाव नाही घेत, चित्रं काचेत उन्हात टांगली, पिवळी पडली, हिशेबाची वही म्हणून नाहीच. आता ती दोन प्रतींत यादी करते, दुकानदाराची सही घेते, महिन्याला जाऊन मोजते. सुरुवातीला तो गुरगुरला, आता चहा पाजतो. ड्रॅगन अजून तिथेच आहेत, ससे संपले.

तुमच्या नागपूरच्या विहीणबाई येऊन राहिल्या ना दिवाळीत? त्यांना सोनपापडीच्या डब्याऐवजी हे द्या. आणि वहिनी, शेजारची म्हणून फुकट मागू नका हो. मीही चारशे मोजून घेतला, डाव वेगळाच.